दूरच्या चित्रांची घरची सांठवण

संगणकाच्या अथवा हातांतील मोबाइलच्या पडद्यावर आपण एखादें पान उघडतों, तेव्हां त्यांतील अक्षरें आणि चित्रें एकाच लिफाफ्यांतून आपल्याकडे आलीं असा आपला सहज समज होतो. वास्तविक तसें नसतें. पान म्हणून जें प्रथम येतें तो केवळ मजकूर असतो. चित्रांच्या जागीं त्यांत नुसते पत्ते लिहिलेले असतात. ‘या ठिकाणीं अमुक पत्त्यावरील चित्र आणून लावावें’ अशी ती सूचना असते, आणि ती वाचून चित्र आणावयास धांवणें हें काम ब्राउझरचें. ब्राउझर म्हणजे पानें मागवून तीं पडद्यावर मांडणारी, आपल्याच यंत्रांत वस्तीला असलेली आज्ञावली. क्रोम, फायरफॉक्स, सफारी हीं तिचीं परिचित नांवें. ज्या यंत्रावर चित्र ठेवलेलें असतें आणि जें मागणी येतांच तें रवाना करतें, त्यास सर्व्हर म्हणतात. हे दोन शब्द आज वारंवार येणार आहेत, म्हणून आरंभींच सांगून ठेवतों.

ही योजना १९९३ सालची. त्या वर्षाच्या फेब्रुवारी महिन्यांत, अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या संगणक केंद्रांत काम करणाऱ्या मार्क अँड्रीसन नांवाच्या तरुणानें मजकुराच्या मध्येंच चित्राचा पत्ता देण्याची एक खूण सुचविली, आणि त्यांच्या मोझेइक या ब्राउझरनें ती सर्वत्र रूढ केली. चित्र मजकुराच्याच सर्व्हरवर असलें पाहिजे अशी अट तींत घातलेली नव्हती. मजकूर पुण्याचा आणि चित्र परदेशांतील, असें खुशाल चालतें. ही न घातलेली अट दिसावयास लहान आहे, परंतु आजच्या विषयांतील पुष्कळशी सोय आणि बहुतेक सर्व घोटाळे तिच्यापासूनच निघाले आहेत.

आपल्याच भाषेंतील उदाहरण घेऊं. मराठी विकिपीडिया २००३ सालीं सुरू झाला. त्यांतील रायगडाचें किंवा अजिंठ्याचें पान आपण उघडलें, तर मजकूर मराठी विकिपीडियाच्या पत्त्यावरून येतो. छायाचित्रें मात्र बहुधा ‘कॉमन्स’ नांवाच्या भांडारांतून येतात. हें भांडार २००४ सालीं सर्व भाषांकरितां सामाईक म्हणून स्थापन झालें, आणि त्याच्या चित्रांचा सर्व्हर निराळ्याच पत्त्यावर आहे. लेण्याचें एकच छायाचित्र मराठी, तमिळ आणि फ्रेंच अशा तिन्ही पानांवर दिसूं शकतें; तें तीनदां ठेवावें लागत नाहीं. मूळ भांडारांत कोणीं तें सुधारलें कीं तिन्ही ठिकाणीं सुधारतें. निदान सुधारावें अशी अपेक्षा असते.

आतां दूरच्या सर्व्हरवरून चित्र आणावयास किती वेळ लागतो तें पाहूं. मुंबई ते न्यूयॉर्क हें अंतर पृथ्वीच्या पाठीवरून सरळ मोजल्यास सुमारें १२,५०० किलोमीटर भरतें. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें २,००,००० किलोमीटर जातो. म्हणजे निरोप जाऊन उत्तर परत येण्यास, वाटेंत कोठेंही खोळंबा झाला नाहीं असें धरलें तरी, सेकंदाचा आठवा हिस्सा गेलाच. आणि समुद्राखालील तारा कांहीं सरळ रेषेंत टाकलेल्या नसतात. शिवाय नव्या सर्व्हरशीं संभाषण सुरू करण्यापूर्वीं त्याचा ठावठिकाणा शोधणें, त्याला हांक मारून ओ घेणें, आणि मधल्या कोणास बोलणें ऐकूं येऊं नये म्हणून गुप्त लिपीचा करार करणें, हे उपचार असतात. त्यांतही अशा एकदोन फेऱ्या खर्च होतात. चित्राचा पहिला कण हातीं येईपर्यंत अर्धा सेकंद सहज निघून जातो. अर्धा सेकंद म्हणजे तो काय, असें कोणी म्हणेल. परंतु एका पानावर निरनिराळ्या दहा सर्व्हरांवरील चित्रें असलीं, आणि खेड्यांतील मोबाइलची जोडणी मंद असली, म्हणजे पान उघडतां उघडतां माणूस चहा पिऊन येतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, सर्व्हर माणसाच्या जवळ नेणें. विकिपीडिया चालविणाऱ्या संस्थेनें आशियांतील वाचकांसाठीं २०१८ पासून सिंगापूर येथें प्रती ठेवण्याचें केंद्र चालविलें आहे, तें याच हेतूनें. दुसरा उपाय त्याहून जुना आणि त्याहून घरगुती आहे. नदी दूर असली म्हणजे तहान लागेल त्या त्या वेळीं कोणी नदीवर जात नाहीं. सकाळींच रांजण भरून ठेवतात. ब्राउझर नेमकें हेंच करतो. चित्र प्रथम येतें तेव्हां तो तें पडद्यावर लावतोच, शिवाय त्याची एक प्रत आपल्या यंत्रांत ठेवून देतो. पुन्हां तेंच चित्र लागलें कीं रांजणांतून घेतो. या सांठ्यास ‘कॅश’ असें नांव आहे. उच्चारावरून रोकड पैशाची आठवण होते, पण त्या शब्दाशीं याचें नातें नाहीं. हा फ्रेंच भाषेंतील ‘लपविणें’ अशा अर्थाच्या क्रियापदावरून आलेला आहे.

सांठा दोन जागीं असतो. नुकतीं वापरलेलीं चित्रें यंत्राच्या चालत्या स्मृतींत राहतात. तीं अतिशय लवकर हातीं येतात, परंतु ब्राउझर बंद केला कीं नाहींशीं होतात. बाकीचीं यंत्राच्या कायम सांठवणींत उतरविलेलीं असतात व तीं दुसऱ्या दिवशींही सांपडतात. जागा अर्थातच अपुरी. ती भरत आली म्हणजे ज्या चित्राला फार दिवसांत कोणीं विचारलें नाहीं, तें साधारणतः आधीं टाकून दिलें जातें. शाळेच्या कपाटाची आवराआवर आम्हीही याच न्यायानें करीत असूं.

सांठ्यांतील प्रत्येक चित्रावर ओळख म्हणून त्याचा पत्ता चिकटविलेला असतो. येथें एक गोष्ट श्रोत्यांनीं नीट ध्यानांत घ्यावी. चित्रांत काय काढलें आहे याच्याशीं ब्राउझरला कर्तव्य नाहीं. तो पत्ता तेवढा पाहतो. एकच चित्र दोन पत्त्यांवर असेल तर तो दोनदां आणून दोनदां ठेवील. उलट, पत्ता तोच ठेवून आंतील चित्र कोणीं बदललें, तर घरांतील प्रत जुनी झाली हें त्याला आपोआप कळण्याचा कांहींएक मार्ग नाहीं.

मग प्रत किती दिवस ताजी समजावी? दूध सकाळचें संध्याकाळीं चालत नाहीं आणि लोणचें वर्षभर टिकतें; परंतु बरणीकडे नुसतें पाहून हें कळत नाहीं, घालणाऱ्यानें सांगावें लागतें. म्हणून चित्र पाठवितांना सर्व्हर त्यासोबत एक चिठ्ठी पाठवितो. ती आपल्याला दिसत नाहीं, ब्राउझर वाचतो. तींत ‘कॅश-कंट्रोल’ या मथळ्याखालीं चित्राचें आयुष्य सेकंदांत लिहिलेलें असतें. ३,६०० लिहिलें तर एक तास, ८६,४०० लिहिलें तर एक दिवस, ३,१५,३६,००० लिहिलें तर एक वर्ष. तेवढी मुदत संपेपर्यंत ब्राउझर सर्व्हरकडे ढुंकूनही पाहत नाहीं. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या नियमावलींत, अमुक तारखेस अमुक वाजतां मुदत संपेल असें लिहिण्याची रीत होती. परंतु पाठविणाऱ्याचें आणि घेणाऱ्याचें घड्याळ जुळत नसलें म्हणजे तींत घोटाळा होई. पुढें १९९७ च्या सुधारलेल्या नियमांत सेकंद मोजण्याची रीत आली, ती आजतागायत चालू आहे. २०२२ सालीं नव्यानें प्रसिद्ध झालेल्या नियमावलींतही तीच कायम आहे.

याच मथळ्याखालीं आणखी दोन शब्द येतात. पैकीं ‘नो-स्टोअर’ याचा अर्थ, प्रत मुळींच ठेवूं नये. ‘नो-कॅश’ याचा अर्थही कोणीही तोच करील. पण तसा तो नाहीं. प्रत ठेवावी, मात्र प्रत्येक वेळीं वापरण्यापूर्वीं सर्व्हरला विचारावें, असा त्याचा अर्थ आहे. नांव ठेवणाऱ्यांनीं येथें शब्दाची निवड फार वाईट केली असें माझें स्पष्ट मत आहे. या एका शब्दानें अनेक जाणत्या लोकांना फसविलें आहे.

आणि सर्व्हरनें चिठ्ठींत मुदत लिहिलीच नाहीं तर? आळसामुळें किंवा अज्ञानामुळें असें पुष्कळदां होतें. अशा वेळीं ब्राउझरला अंदाज करण्याची मुभा आहे. चित्र शेवटीं केव्हां बदललें ती तारीख बहुधा कळलेली असते. तेव्हांपासून लोटलेल्या काळाचा दहावा भाग ही मुदत समजावी, असा सर्वसाधारण प्रघात आहे. शंभर दिवस न बदललेलें चित्र आणखी दहा दिवस बदलणार नाहीं; कालच बदललेलें चित्र २ तास २४ मिनिटें चालवावें; दहा वर्षांपूर्वींचें असलें तर एक वर्ष. माणसाच्या स्वभावाविषयीं आपणही असाच अदमास बांधतों, आणि तो बहुधा बरोबर ठरतो. बहुधा, नेहमीं नव्हे.

मुदत संपली म्हणजे प्रत फेकून देतात असें मात्र नाहीं. ब्राउझर सर्व्हरकडे एक पोस्टकार्डवजा निरोप धाडतो, कीं आपण अमुक तारखेस दिलेली प्रत मजजवळ आहे. त्यानंतर बदल झाला असल्यास नवी पाठवावी. तारखेऐवजीं पुष्कळ सर्व्हर प्रत्येक आवृत्तीला एक लहानशी ओळखखूण देतात, तीही निरोपांत लिहितां येते. बदल झाला नसला तर सर्व्हर चित्र पाठवीत नाहीं. ‘३०४’ एवढा एक अंक उत्तरादाखल कळवितो. आपल्या जुन्या दफ्तरी भाषेंत त्याचें भाषांतर ‘जैसे थे’ असें करावें. ब्राउझर त्याच प्रतीची मुदत पुन्हां पहिल्यापासून मोजूं लागतो. यांत चित्राचा भार वांचतो, पण फेरी वांचत नाहीं. चित्र लाखों अक्षरांच्या वजनाचें असलें तर बचत मोठी. लहान असलें तर विचारावयास जाण्यांतच सारा वेळ गेला, हें येथें सांगितलें पाहिजे.

आतां बाहेरच्या सर्व्हरचा मुद्दा. मुदतीची चिठ्ठी लिहितो कोण? चित्र पाठविणारा सर्व्हर. ज्यानें पान लिहिलें आणि त्यांत तें चित्र लावलें, त्याच्या हातीं यांतलें कांहीं नसतें. दुसऱ्याच्या विहिरीचें पाणी आपल्या पाहुण्यांस पाजावयाचें असेल, तर विहीर केव्हां उपसली, केव्हां नाहीं, हें विहिरीचा मालक जाणे.

यापासून किती नुकसान होऊं शकतें याचें एक उदाहरण मीं स्वतः पाहिलेलें आहे. आमच्या भागांतील एका संस्थेनें मुलांच्या एका परीक्षेचें वेळापत्रक कागदावर छापून त्याचें छायाचित्र काढलें, बाहेरच्या एका सर्व्हरवर ठेवलें, आणि आपल्या पानावर त्याचा पत्ता दिला. पुढें कांहीं कारणानें एक पेपर बुधवारऐवजीं मंगळवारीं घेण्याचें ठरलें. कार्यालयानें नवें वेळापत्रक त्याच नांवानें, त्याच पत्त्यावर चढविलें, आपल्या पडद्यावर पाहून खात्री करून घेतली, आणि विषय संपविला. ज्या मुलांनीं पान पूर्वीं उघडलेंच नव्हतें, त्यांना मंगळवार दिसला. ज्यांनीं आठवड्यापूर्वीं काळजीनें पाहून ठेवलें होतें आणि काळजीनेंच पुन्हां एकदां पाहिलें, त्यांना त्यांच्याच मोबाइलनें बुधवार दाखविला. एका बांकावर बसणारे दोन मुलगे आपापला मोबाइल पुढें करून भांडत होते, आणि दोघेही खरें बोलत होते. तिघांचा पेपर बुडाला. पालक विचारावयास गेले तेव्हां कार्यालयांत त्यांना पडदा फिरवून दाखविण्यांत आला, ‘पाहा, येथें स्पष्ट मंगळवार आहे’. मुलें सबबी सांगतात असा शेरा पडला. नांव घेण्याचें कारण नाहीं. परंतु जो मुलगा दोनदां पाहतो त्यानेंच बुडावें आणि वर खोटा ठरावा, हा अन्याय मला अद्याप बोंचतो.

यावर उपाय अगदीं सोपा होता, आणि जाणते लोक तोच योजतात. चित्र बदललें कीं त्याचें नांवही बदलावें. नांवांत तारीख घालावी, आवृत्तीचा अंक घालावा. मोठ्या संस्थांत तर चित्राच्या मजकुरावरूनच गणितानें काढलेली एक अक्षरमाला नांवांत गुंफतात, म्हणजे एक ठिपका बदलला तरी नांव आपोआप बदलतें. पत्ता नवा झाला कीं ब्राउझरच्या दृष्टीनें तें चित्र नवीनच. जुनी प्रत सांठ्यांत पडून राहिली तरी तिला कोणी विचारीत नाहीं. मजकुराच्या पानाची मुदत मात्र अगदीं थोडी ठेवावी, म्हणजे नवा पत्ता वाचकाला लगेच मिळतो. याप्रमाणें पान घटकेचें आणि चित्रें वर्षाचीं अशी वांटणी केली, कीं वेगही मिळतो आणि सत्यही राहतें.

परंतु कांहीं चित्रांचा पत्ता बदलून चालत नाहीं. हवामानखात्याकडून येणारें ढगांचें चित्र घ्या. आपले उपग्रह अर्ध्या अर्ध्या तासानें नवें चित्र पाठवितात, आणि ‘ताजें चित्र’ अशा एकाच पत्त्यावर तें मिळावें अशी लोकांची अपेक्षा असते. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यास लागलें. अशा दिवशीं श्रीवर्धनच्या किंवा मुरुडच्या एखाद्या कोळ्यानें दुसऱ्या कोणाच्या पानावर लावलेलें असें चित्र उघडलें आणि त्याच्या मोबाइलनें सहा तासांपूर्वींची प्रत काढून दिली, तर वादळ त्याला अद्याप पुष्कळ दूर दिसेल. चित्रावर चुकीची खूण कोठेंच नसते. म्हणून असल्या चित्रांच्या चिठ्ठींत मुदत कांहीं मिनिटांचीच लिहिली पाहिजे, आणि पाहणारानें चित्राच्या कडेला छापलेली वेळ वाचल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवूं नये. ती वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेंत असते. आपली वेळ तिच्यापुढें साडेपांच तास आहे, हाही हिशेब करावा लागतो.

या विषयाची आणखी एक बाजू आहे. पुष्कळ वर्षें ब्राउझरचा सांठा सर्व पानांना सामाईक होता. एका पानाकरितां बाहेरून आणलेलें चित्र दुसऱ्या पानानेंही मागितलें, तर तेंच उपयोगी पडे. काटकसरीच्या दृष्टीनें हें उत्तमच; परंतु अशा रांजणाला चोरदार असतें. प्रिन्स्टन विद्यापीठांतील फेल्टन आणि श्नायडर या दोघांनीं २००० सालींच तें दाखवून दिलें. समजा, एका लबाड पानाच्या मालकाला आपण एखाद्या विशिष्ट रोगाच्या रुग्णालयाचें पान पाहिलें आहे काय, हें जाणून घ्यावयाचें आहे. तो आपल्या पानांत त्या रुग्णालयाचें बोधचिन्ह गुपचूप मागवितो आणि तें येण्यास किती वेळ लागला तेवढें मोजतो. क्षणार्धांत आलें, तर तें आपल्या सांठ्यांत होतें. म्हणजे आपण तेथें जाऊन आलां आहां. कुलूप मोडलें नाहीं, कपाट उघडलें नाहीं, केवळ दारावर टकटक करून आंतील गोष्ट कळली.

याचा बंदोबस्त होण्यास फार काळ लागला. सफारीनें २०१३ पासून, क्रोमनें २०२० पासून आणि फायरफॉक्सनें २०२१ पासून सांठ्याच्या वांटण्या केल्या. आतां प्रतीवर चित्राच्या पत्त्याबरोबर, तें कोणत्या संकेतस्थळासाठीं आणलें त्याचेंही नांव लिहितात. एकानें आणलेलें दुसऱ्याला मिळत नाहीं. एका वाड्यांत चार बिऱ्हाडें आणि प्रत्येकाचा रांजण वेगळा. यामुळें तेंच चित्र अनेकदां आणावें लागतें हें खरें. क्रोमच्या कर्त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या मोजणीप्रमाणें बाहेरून आणाव्या लागणाऱ्या मालांत सुमारें ४ टक्के वाढ झाली. माझ्या मतें हा सौदा स्वस्तांत पडला. एकच सामाईक चित्र लावलें म्हणजे वाचकाजवळ तें आधींच असेल, ही जुनी शिफारस मात्र आतां निरर्थक झाली आहे. ती कोणी अजून करीत असल्यास मानूं नये.

बाहेरच्या चित्रांतील एक जात तर पाहण्यासाठीं नसतेच. एका ठिपक्याएवढें, पारदर्शक असें चित्र पानांत लावलेलें असतें. तें मागविलें जातें तेव्हां बाहेरच्या सर्व्हरला कळतें, कीं हें पान आतां कोणीं तरी उघडलें. प्रत घरांत ठेवली तर दुसऱ्या वेळीं मागणी जाणार नाहीं आणि मोजणी चुकेल. म्हणून याच्या चिठ्ठींत ‘प्रत ठेवूं नये’ असें आवर्जून लिहितात. आपल्या टपालांत येणाऱ्या चित्रांतूनही हाच उद्योग चालतो. जीमेलनें २०१३ च्या डिसेंबरापासून टपालांतील चित्रें स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणून दाखविण्यास आरंभ केला, तेव्हांपासून पाठविणारास निदान आपल्या यंत्राचा पत्ता तरी कळत नाहीं.

शेवटीं, जुनें चित्र दिसत आहे असा संशय आल्यास काय करावें तें सांगतों. साधें पुन्हां उघडणें पुरत नाहीं. संगणकावर क्रोम अथवा फायरफॉक्स असल्यास कंट्रोल आणि शिफ्ट या दोन कळा दाबून धरून आर ही कळ दाबावी. म्हणजे ब्राउझर सांठा बाजूला ठेवून सर्व कांहीं नव्यानें आणतो. मोबाइलवर ही सोय नसते. तेथें सेटिंगमध्यें जाऊन सांठविलेलीं चित्रें व फायली पुसण्याची आज्ञा द्यावी. आपण स्वतः काढलेलीं छायाचित्रें यामुळें जातील अशी भीति अनेकांना, विशेषतः आमच्या वयाच्या मंडळींना, वाटते. तीं जात नाहींत. परवलीचे शब्दही, त्यांच्यापुढील चौकटींत खूण केली नसेल तर, जागच्या जागीं राहतात. पुढें एकदोन वेळां पानें जरा हळूं उघडतील, इतकेंच. एवढें करूनही जुनेंच चित्र आलें, तर शिळी प्रत आपल्या घरांत नसून वाटेंतील एखाद्या केंद्रांत आहे असें समजावें. अशा वेळीं चित्राच्या पत्त्याच्या शेवटीं प्रश्नचिन्ह आणि कोणताही एक अंक जोडून पाहावा. पत्ता निराळा दिसल्यामुळें मधलें केंद्र बहुधा मूळ सर्व्हरकडेच विचारावयास जातें, आणि नवें चित्र असल्यास तें पडद्यावर येतें.